काढणीनंतरचा श्वास

झाडावरून उतरवलेले फळ किंवा जमिनीतून उपटलेला कांदा यांना आपण माल म्हणू लागतो, तेव्हा ते अजून जिवंत आहेत याचा विसर पडतो. देठ तुटला की मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारी साखर बंद होते, परंतु पेशींचे श्वसन थांबत नाही. त्या साठ्यातली साखर आणि आम्ले जाळत राहतात, ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकतात. आवक थांबली आणि खर्च मात्र चालू, अशी ही अवस्था आहे. हा खर्च किती मंद करता येईल हा साठवणुकीच्या संशोधनाचा सर्वांना ठाऊक असलेला भाग. तो कुठवर मंद केला तर पीकच बिघडेल, हा कमी बोलला जाणारा पण माझ्या मते अधिक अवघड भाग.

तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. त्यामुळे मुळातच जोराने श्वसन करणारा मटार किंवा ब्रोकोली काढणीनंतर काही तास उन्हात राहिली, तर त्या वेळात झालेले नुकसान नंतरच्या उत्तम शीतगृहालाही भरून काढता येत नाही. बटाटा आणि कांदा हे सुप्तावस्थेत जाणारे अवयव असल्यामुळे त्यांचे श्वसन बरेच संथ असते.

थंडीखेरीज दुसरा मार्ग हवेतला आहे. फ्रान्समधील माँपेलिए येथील झाक बेरार यांनी १८२१ मध्ये असे दाखवले की ऑक्सिजन मिळाला नाही तर तोडलेली फळे पिकत नाहीत. या निरीक्षणाचा व्यावहारिक उपयोग व्हायला शंभर वर्षे जावी लागली. १९२० च्या दशकात केंब्रिज येथे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी सफरचंदांचे श्वसन पद्धतशीरपणे मोजले, तेव्हा पिकण्याच्या सुमारास ते एकाएकी उसळी घेते असे त्यांना आढळले. सफरचंद, केळी, आंबा, पपई, टोमॅटो यांत ही उसळी दिसते आणि म्हणून ती तोडल्यावरही पिकतात. द्राक्षे, संत्री, स्ट्रॉबेरी यांत ती दिसत नाही, म्हणून ती कच्ची तोडली तर गोडीला कच्चीच राहतात. याच जोडीच्या कामातून नियंत्रित वातावरणाची साठवण पुढे आली आणि १९२९ मध्ये इंग्लंडमधील कँटरबरीजवळ तिचे पहिले व्यापारी कोठार उभे राहिले. आज अशा कोठारांत सफरचंदांभोवतीचा ऑक्सिजन हवेतल्या सुमारे २१ टक्क्यांवरून १ ते ३ टक्क्यांवर आणतात.

मात्र ऑक्सिजन आणखी घटवला, तर पेशी श्वसन सोडून किण्वनाकडे वळतात, अल्कोहोल साचते आणि फळाला आंबूस वास येतो. ही सीमा जातीनुसार आणि हंगामानुसारही सरकते. म्हणून काही आधुनिक कोठारांत सालीतील हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून त्याने परत सोडलेला मंद उजेड, सतत मोजतात. ऑक्सिजन फारच कमी झाला की ती बदलते आणि फळ जणू स्वतःच गुदमरत असल्याची सूचना देते. मला या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पिकण्याची उसळी सुरू करणारा वायू म्हणजे इथिलीन. सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये, दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपे वाकडी वाढतात त्याचे कारण शोधताना, या वायूचा वनस्पतींवरील परिणाम ओळखला. पिकणारे सफरचंद स्वतःच तो तयार करते हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. पिकणाऱ्या फळात इथिलीन आणखी इथिलीन निर्माण करवते. नासका आंबा सगळी अढी नासवतो, या म्हणीमागे बुरशीच्या बीजाणूंइतकाच या वायूचाही हात आहे. १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एडवर्ड सिसलर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी १-मिथाइलसायक्लोप्रोपीन हा वायू उपयोगात आणला. तो पेशीतील इथिलीनच्या ग्राहींवर, म्हणजे त्याचा निरोप टिपणाऱ्या प्रथिनांवर, आधीच ठाण मांडतो, त्यामुळे इथिलीन असूनही फळाला त्याचा निरोप पोहोचत नाही. सफरचंदात याचे यश मोठे आहे. परंतु केळ्यांना तो फार लवकर दिला तर ती डागाळत, विषम पिकतात आणि नासपाती कधीकधी मऊच होत नाही.

थंडीच्याही अशाच सीमा आहेत. केळे सुमारे १३ अंशांखाली ठेवले की त्याची साल काळवंडते, कारण उष्ण प्रदेशातील पिकांच्या पेशींची आवरणे गोठणबिंदूच्या पुष्कळ वरच बिघडू लागतात. बटाटा फार गार ठेवला की स्टार्चची साखर होते. अशा बटाट्याचे काप तळल्यावर काळपट होतात आणि त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन अधिक तयार होते. म्हणून तळणीसाठीचा बटाटा ८ ते १० अंशांना ठेवतात, पण तिथे कोंब फुटतात. कोंब रोखणाऱ्या क्लोरप्रोफाम या रसायनाला युरोपीय संघाने २०१९ मध्ये पुन्हा मान्यता नाकारली, तेव्हापासून तिथे पुदिन्याच्या जातीचे तेल, संत्र्याचे तेल आणि चक्क इथिलीन यांचा वापर वाढला. फळांचा हा वैरी बटाट्याचे कोंब दाबून धरतो. कांद्याची तऱ्हा आणखी वेगळी: तो शून्य अंशाला टिकतो आणि २५ ते ३० अंशांच्या कोरड्या, खेळत्या हवेतही टिकतो, मधल्या तापमानाला मात्र त्याला लवकर कोंब येतात.

बुरशीलाही पिकण्याची वाट पाहायची असते. आंब्यावरील करप्याचे बीजाणू फळ लहान असतानाच सालीत शिरकाव करतात आणि तिथे महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात, कारण कच्च्या सालीत बुरशीरोधक द्रव्ये भरपूर असतात. पिकताना ती घटतात आणि मग काळे डाग उमटतात. काढणीनंतर फळे ५२ ते ५५ अंशांच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे बुडवली तर सालीतली बुरशी बरीचशी मरते; पाणी थोडे अधिक तापले तर साल भाजते.

कोठारात दिसणाऱ्या काही दोषांची मुळे तर थेट बागेत असतात. सफरचंदावर साठवणीत उमटणारे तपकिरी, खोलगट ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेमुळे येतात. जमिनीत कॅल्शियम पुरेसे असले तरी ते पाण्याच्या ओघाबरोबर मुख्यतः जास्त बाष्पोत्सर्जन करणाऱ्या पानांकडे जाते आणि तिथून फळाकडे जवळजवळ परतत नाही. म्हणूनच हंगामात त्याची फवारणी पानांपेक्षा फळांवर नीट बसेल अशी करावी लागते. तरीही मोजकीच पण मोठी फळे धरणाऱ्या जोमदार झाडांवर धोका राहतोच, त्यामुळे काढणीपूर्वी फळांतील खनिजे तपासतात आणि कॅल्शियम कमी असलेली फळे लांबच्या साठवणुकीत न घालता आधी विक्रीस काढतात.