जोंग जी-योंग : उत्तरेला गेलेले की नेलेले?

दक्षिण कोरियात १९८८ पूर्वी छापलेल्या साहित्येतिहासात ‘जोंग ○-योंग’ असे नाव आढळले, तर ती छापखान्याची चूक समजू नये. तीन अक्षरांच्या नावातले मधले अक्षर गाळून तिथे मुद्दाम गोल घातला जाई. कवी कोण हे वाचकाला कळे, आणि बंदी घातलेल्या लेखकाचे पूर्ण नाव छापले नाही असे प्रकाशकाला म्हणता येई. आधुनिक कोरियन कवितेची भाषा ज्यांनी घडवली, त्या जोंग जी-योंग यांचे नाव जवळजवळ चार दशके असे अर्धवट छापले गेले. कारण एकच होते. कोरियन युद्धात (१९५०-५३) ते स्वखुशीने उत्तर कोरियात गेले, असा शिक्का त्यांच्यावर बसला होता. हा शिक्का कसा बसला आणि इतकी वर्षे का टिकला, हे कळण्यासाठी १९४९ आणि १९५० ही दोन वर्षे बारकाईने पाहावी लागतात. त्याआधीचे आयुष्य थोडक्यात सांगता येते.

जन्म १९०२, ओकचन, उत्तर छुंगछाँग प्रांत. सोलच्या ह्विमून शाळेत असताना १९१९ च्या जपानविरोधी आंदोलनात शाळेतल्या संपात पुढाकार घेतला म्हणून निलंबन. १९२३ ते १९२९ क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात इंग्रजी साहित्य, प्रबंध विल्यम ब्लेकवर. परतल्यावर पुन्हा ह्विमूनमध्येच इंग्रजीचे शिक्षक, सलग १६ वर्षे. गावचा ओढा, पट्ट्यापट्ट्यांचा बैल, गवताची उशी असलेली त्यांची प्रसिद्ध कविता १९२७ मध्ये छापली गेली. पहिल्या संग्रहात (१९३५) ८९ कविता आहेत. दुसऱ्यात (१९४१) ३३ रचना आहेत, त्यांपैकी २५ कविता आणि ८ गद्य. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून वाचले की फरक लगेच जाणवतो. पहिल्यात समुद्र, रेल्वे, काचेची खिडकी आणि कॅथॉलिक प्रार्थना आहे. दुसऱ्यात डोंगर, बर्फ आणि दोन शब्दांमध्ये सोडलेली मोकळी जागा आहे. १९३९ पासून एका मासिकात नवोदितांच्या कविता निवडण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी पुढे आणलेल्या तीन तरुणांनी युद्धोत्तर दक्षिण कोरियाची कविता उभी केली. तिघांची नावे पाठ्यपुस्तकांत ठळक छापली जात आणि त्यांना निवडणाऱ्याच्या नावात गोल असे, ही विसंगती तिथल्या शालेय परंपरेत कित्येक वर्षे चालून गेली. मासिक एप्रिल १९४१ मध्ये जपानी सत्तेच्या दडपणाखाली बंद पडले आणि जोंग जवळजवळ गप्प झाले.

१९४५ च्या स्वातंत्र्यानंतर ते सोलच्या एका महिला महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ऑक्टोबर १९४६ मध्ये निघालेल्या कॅथॉलिक दैनिकाचे संपादकीय प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. याच काळातले एक काम फार मोलाचे आहे. फुकुओकाच्या तुरुंगात १९४५ मध्ये मरण पावलेला युन दोंग-जू हा तरुण कवी तेव्हा कुणाला माहीत नव्हता. १३ फेब्रुवारी १९४७ च्या अंकात जोंग यांनी त्याची कविता स्वतःच्या टिपणासह छापली आणि १९४८ मध्ये त्याच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. आज युनचे नाव कोरियात घरोघरी आहे. पण प्रस्तावना लिहिणाऱ्यावर बंदी आल्यावर नंतरच्या आवृत्तीतून ती गळली.

याच काळात डाव्या लेखकांच्या संघटनेतही त्यांचे नाव होते, बालसाहित्य विभागाचे प्रमुख म्हणून. पुढे जे काही झाले त्याचे मूळ या नोंदीत शोधले जाते. शोधणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. १९४५-४६ मध्ये सोलमधले बहुतेक नामवंत लेखक त्या संघटनेत होते आणि त्यांतले कट्टर सभासद १९४८ पर्यंत दोन लाटांमध्ये उत्तरेला निघूनही गेले. जायचेच असते तर जोंग यांना तीन वर्षे रस्ता मोकळा होता. ते गेले नाहीत. दैनिक सोडले, १९४८ मध्ये नोकरीही सोडली आणि सोलच्या वायव्येला नोकबन-री इथे गवताने शाकारलेल्या घरात सुलेखन करत राहिले.

१९४९ चे प्रकरण इथून सुरू होते. त्या वर्षी दक्षिणेच्या सरकारने ‘विचार बदललेल्या’ डाव्यांसाठी एक मार्गदर्शन संघ काढला. नाव मवाळ असले तरी काम पोलिसी होते. शरद ऋतूत ‘स्वतःहून हजर व्हा’ अशी मुदत जाहीर झाली आणि ती नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. हजर होणाऱ्याला कबुलीपत्र लिहावे लागे. आधी कोणत्या संघटनेत होतो, काय काम केले आणि बरोबर कोण होते, हे सगळे त्यात लिहायचे. शेवटचा रकाना सर्वांत घातक होता, कारण एकाच्या कबुलीत आलेले नाव दुसऱ्याच्या दारात पोलीस आणी. नामवंत मंडळी हजर झाली की वर्तमानपत्रात बातमी येई. पुढे व्याख्याने आणि जाहीर कार्यक्रम. तेवढ्यातच शिक्षण खात्याने माध्यमिक शाळांच्या पुस्तकांतून ‘राष्ट्राच्या धोरणाविरुद्ध’ मजकूर काढायला सांगितला आणि त्यात जोंग यांच्या रचना होत्या. उपजीविका, नाव आणि घर तिन्ही एकदम धोक्यात आलेल्या माणसाने नोव्हेंबरात त्या संघात नाव नोंदवले.

या सहीला कुणी लाचारी म्हणते, कुणी मनापासूनचे मतांतर. दोन्ही बाजू तिचा परिणाम कमी लेखतात. युद्ध सुरू होताच दक्षिणेत माघार घेणाऱ्या पोलीस-लष्कराने याच संघाच्या सभासदांना, शत्रूला मिळतील या संशयाने, हजारोंनी मारले. सोलमधले सभासद त्यातून बहुतांशी वाचले, कारण शहर तीनच दिवसांत, २८ जून १९५० ला, उत्तरेच्या हाती पडले. पण तेच सभासद आता नव्या सत्तेच्या लेखी फितूर ठरले. त्यांना पुन्हा हजर व्हायचे होते, या वेळी उलट दिशेने. म्हणजे एकाच कागदावरची एकच सही दक्षिणेकडे असताना डावेपणाचा पुरावा होती आणि उत्तरेकडे गद्दारीचा. जुलै १९५० मध्ये जोंग यांच्या दाराशी कोण आले असेल, हे या चौकटीबाहेर ठेवून सांगता येत नाही.

त्याआधीचे सहा-सात आठवडेही पाहावेत. मे आणि जून १९५० मध्ये ते एका चित्रकारासोबत दक्षिण किनाऱ्यावर फिरत होते. पुसान, तोंग्योंग, जिंजू अशी ती वाट होती आणि सोलच्या दैनिकात प्रवासलेख क्रमशः येत होते. जूनच्या एका मासिकात त्यांच्या पाच छोट्या कविता आल्या, चार-चार अक्षरांच्या जुन्या चालीत. नवा आकृतिबंध हाताळून पाहणारा, दैनिकाला हप्त्याने लेख देणारा हा माणूस महिन्याभरात घरदार टाकून सरहद्द ओलांडायच्या तयारीत होता, असे मानायला त्या लेखनात काहीही आधार नाही.

जुलैमध्ये ओळखीचे काही तरुण नोकबन-रीच्या घरी आले. जोंग त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि परतले नाहीत, असे घरच्यांचे सांगणे. पुढच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. एकीनुसार त्यांना उत्तरेच्या राजकीय पोलिसांनी सोलच्या सोदेमून तुरुंगात ठेवले आणि तिथून प्याँगयांगच्या तुरुंगात नेले. तिथे त्यांना इतर लेखकांसोबत पाहिले, असे सुटून आलेल्या एका कैद्याने सांगितले. दुसरी हकिकत उत्तरेकडची आहे आणि ती १९९३ मध्ये प्रथम छापून आली. तिच्यानुसार २५ सप्टेंबर १९५० ला, उत्तरेकडे जाताना, दोंगदुछन जवळ अमेरिकन विमानाच्या माऱ्यात ते गेले. तिथल्या विश्वकोशातही हीच तारीख आहे.

ही तारीख नकाशाशी जुळते. १५ सप्टेंबरला इंछनला संयुक्त राष्ट्रांचे सैन्य उतरले होते, २५ ला सोलसाठी लढाई चालू होती, कैद्यांना पायी उत्तरेला हाकले जात होते आणि दोंगदुछन त्याच रस्त्यावर, सोलपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पण हे खरे धरले तर प्याँगयांगच्या तुरुंगातली साक्ष बाद होते. साक्ष खरी धरली तर तारीख बाद. ज्या बाजूने त्यांना नेले तिनेच, तेही ४३ वर्षांनी, दिलेल्या हकिकतीत मृत्यूची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर जाते, हे विसरून चालत नाही. या दोन्ही हकिकतींत एक गोष्ट मात्र समान आहे. कुठल्याही आवृत्तीत जोंग उत्तरेत जाऊन लिहिताना, सभेत बोलताना किंवा पद घेताना दिसत नाहीत. स्वखुशीने आलेल्या इतक्या मोठ्या कवीचा उत्तरेने प्रचारात उपयोग केला नसता, हे पटण्यासारखे नाही.

तरीही दक्षिणेच्या कागदांत ते ‘वॉलबुक’, म्हणजे उत्तरेला गेलेले, असेच राहिले. पळवून नेलेल्यांसाठी ‘नाप्बुक’ हा वेगळा वर्ग होता. १९५२ मध्ये सरकारने केलेल्या यादीत पळवलेल्या नागरिकांची ८२,९५९ नावे आहेत. वर्ग ठरवताना माणूस कसा गेला हे कुणी पाहिलेले नसे, म्हणून तो आधी कोणत्या संघटनेत होता हे पाहिले जाई. जुनी डावी नोंद सापडली की तो ‘गेलेला’, नाही सापडली तर ‘नेलेला’. जोंग यांच्या बाबतीत १९४६ च्या नोंदीने १९५० चा निकाल दिला. १९४९ ची सही, जी याच सरकारने घेतली होती, ती मात्र त्यांच्या बाजूने कुणी मोजली नाही.

याच युद्धात ‘स्वखुशी’ तपासायची एक पद्धत प्रत्यक्षात वापरली गेली होती, आणि ती मराठी वाचकांना अगदी परकी नाही. १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे युद्धकैदी भारतीय कस्टोडियन दलाच्या ताब्यात आले. या दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूरकडचे. कैद्याला तंबूत आणायचे, त्याच्या देशाचा प्रतिनिधी समोर बसून त्याला समजावणार, तटस्थ देशांचे निरीक्षक ऐकत असणार, आणि मग कैदी दोनपैकी एका दाराने बाहेर पडणार. छावण्यांत दडपण होते, काम मुदतीत संपले नाही, पण निदान माणसाला विचारले गेले. दोन्हीकडे जायचे नाही म्हणणारे ८८ जण १९५४ मध्ये भारतात आले. नागरिकांसाठीही शस्त्रसंधीत ५९ वे कलम होते, पण दक्षिणेतून नेलेले लोक त्या मार्गाने परत आले नाहीत. त्यांना विचारायला तंबूच नव्हता.

शिक्क्याचा भार घरावर पडला. वडिलांना शोधायला निघालेले दोन मुलगेही परतले नव्हते. मागे राहिलेल्या थोरल्या मुलाला नातलगाच्या नावाखाली होणाऱ्या चौकशा चुकल्या नाहीत. ही पद्धत राज्यघटनेने बंद केली ती १९८० मध्ये.

बंदी एका फटक्यात उठली नाही. १९७८ मध्ये संशोधकांना थोडी सूट मिळाली, पण लेखक हयात नसावा, लेखन १९४५ पूर्वीचे असावे, त्यात विचारसरणी नसावी, अशा अटींसह. ज्याच्या मृत्यूचा दाखलाच नाही त्याच्याबाबत पहिली अट कशी पुरी करायची, हा प्रश्न तिथेच अडला. १९८२ पासून थोरला मुलगा आणि अनेक लेखकांनी अर्ज केले. ऑक्टोबर १९८७ मध्ये, लोकशाहीच्या आंदोलनानंतर, प्रकाशनावरचे निर्बंध सैल झाले. ३१ मार्च १९८८ ला जोंग जी-योंग आणि कवी किम गी-रिम या दोघांचे लेखन मोकळे झाले. बाकीच्यांचे १९ जुलैला झाले, आणि उत्तरेत मोठी पदे भूषवलेले पाच लेखक तेव्हाही वगळले गेले. याचा अर्थ, सर्वांत आधी मोकळे झालेले दोघेही ‘गेले’ यापेक्षा ‘नेले गेले’ असेच मानले जाणारे होते. सरकारने मात्र वर्ग बदलल्याचे म्हटले नाही, फक्त पुस्तके छापू दिली.

पुढच्या गोष्टी वेगाने झाल्या. त्याच वर्षी समग्र लेखन, त्याच मे महिन्यात पहिला स्मृतिमहोत्सव, १९८९ मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार आणि गावाच्या कवितेवरचे ते घरोघरी पोचलेले गाणे. ओकचनचे जन्मघर १९९६ मध्ये पुन्हा उभे राहिले, शेजारी २००५ मध्ये संग्रहालय उघडले आणि त्याच वर्षी दोशिशाच्या आवारात युन दोंग-जूच्या शिलेजवळ त्यांचीही शिला बसली.

फेब्रुवारी २००१ मध्ये विभक्त कुटुंबांच्या भेटीत उत्तरेतून धाकटा मुलगा सोलला आला. त्याने दिलेल्या नातलगांच्या यादीत वडिलांचेही नाव होते. वडील दक्षिणेत असतील असे तो पन्नास वर्षे धरून होता, आणि इकडचा थोरला भाऊ ते उत्तरेत गेले असे ऐकत आला होता. शिक्क्याविरुद्ध याहून भक्कम पुरावा माझ्या मते दुसरा नाही.

आज त्यांच्यावर लिहिताना तीन ठिकाणी गडबड होते. मृत्यूची तारीख बिनदिक्कत २५ सप्टेंबर १९५० लिहिली जाते. तिथे ‘उत्तर कोरियाच्या नोंदीनुसार’ एवढे तरी हवे, नाहीतर नुसते १९५० आणि पुढे प्रश्नचिन्ह. दुसरे, १९८८ च्या घाईत निघालेल्या अनेक स्वस्त आवृत्त्यांत जुने शुद्धलेखन आधुनिक करताना बोलीतले शब्द बदलले गेले आणि दुसऱ्या संग्रहातल्या ओळींमधल्या मोकळ्या जागा बुजवल्या गेल्या. त्या जागा मूळ रचनेचा भाग आहेत, म्हणून १९३५ आणि १९४१ च्या छापील प्रतींच्या प्रतिमांशी ताडून पाहिल्याशिवाय अनुवादाला हात घालू नये. तिसरे, जुन्या ग्रंथालयांच्या सूचींत नाव शोधताना गोल घातलेली नोंद वेगळी शोधावी लागते. १९५० ते १९८८ मधली बरीच समीक्षा तिच्याखाली सापडते.