खुलासा : ‘नागपुरात कुठूनही कुठे, वीस मिनिटं’

पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की आपण नागपूरकर हे हमखास ऐकवतो : “आमच्याकडे कुठूनही कुठे जा, वीस मिनिटं.” धरमपेठेतून सीताबर्डीला जायचं असेल तर खरंच आहे. पण हे वाक्य नोकरी, कॉलेज, बाजार सगळं शहराच्या मध्यावरच्या झिरो माइलच्या आसपास होतं तेव्हाचं. आता काम विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात, हिंगणा एमआयडीसीत, नाहीतर थेट बुटीबोरीला, म्हणजे २५-३० किलोमीटर. तिथे वीस मिनिटांत फक्त आपली फुशारकी पोचते.

मेट्रोच्या दोन्ही मार्गिका डिसेंबर २०२२ पासून पूर्ण धावताहेत. गाडीतला वेळ छान. पण घर ते स्टेशन अन् स्टेशन ते ऑफिस कोण मोजतं?

शिवाय सगळी मिनिटं सारखी नसतात. मे महिन्यात, ४५ अंशांत, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली मंडळी सिग्नलच्या बरंच अलीकडे, कडुनिंबाची सावली धरून थांबतात. तिथलं दीड मिनिट एसी गाडीतल्या पंधरा मिनिटांना भारी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून दिवसभराच्या नोंदी घेतल्या, तर सकाळचा कामावर जायचा प्रवास आनंदाच्या बाबतीत पार तळाला निघाला.

मुंबईच्या मानाने आपण सुखी, कबूल. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर लोकलने जाणाऱ्यापुढे रडगाणं नको. पण फ्लॅट दाखवताना “वीसच मिनिटं, भाऊ” म्हणणाऱ्या दलालाला एकदा सकाळी साडेनऊला गाडीवर मागे बसवून न्याच.