भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

(२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१). औंध संस्थानचे अखेरचे सत्ताधारी अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. लोकांत ते ‘बाळासाहेब’ किंवा ‘औंधचे राजेसाहेब’ म्हणून ओळखले जात. हिंदुस्थानातील संस्थानिक म्हटले की शिकार, मोटारी आणि पॅरिसच्या वाऱ्या डोळ्यांपुढे येतात. बाळासाहेब या साच्यात बसत नाहीत. त्यांची हौस वेगळी होती आणि ती प्रजेला अधिक मेहनतीत टाकणारी होती.

प्रतिनिधी हे मराठेशाहीतले पद छत्रपती राजारामांच्या काळात निर्माण झाले. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात राहिले. पेशव्यांचा अंमल संपल्यावर इंग्रजांनी या घराण्याची जहागीर कायम ठेवली. संस्थान म्हणायचे, पण गावे अवघी ७२, क्षेत्र सुमारे १,३०० चौ. किमी., आणि तेही सलग नाही. औंध, आटपाडी आणि कुंडल हे तालुके आजच्या सातारा-सांगली भागात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये इंग्रजी मुलूख नाहीतर दुसऱ्याचे संस्थान लागे. त्यात आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस नावापुरता, जमीन खडकाळ.

बाळासाहेब धाकटे पुत्र असल्याने गादी त्यांच्याकडे येण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि वडिलांच्या कारभारात चिटणिशी करू लागले. वडील वारले, थोरले बंधू गेले, आणि गादीवर बसलेल्या पुतण्याला इंग्रज सरकारने पदच्युत केले. १९०९ मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बाळासाहेब राजे झाले. सहाव्या-सातव्या वर्षी मसनदीवर बसवलेल्या आणि गोऱ्या शिक्षकांनी घडवलेल्या राजपुत्रांपेक्षा त्यांची घडण निराळी होती, ती यामुळेही.

गादीवर येताच पुढच्याच वर्षी त्यांच्या हातून एक दूरगामी काम झाले. बेळगावातून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि दहा हजार रुपये उसने दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कराडजवळच्या संस्थानी हद्दीत ओगल्यांचा काचकारखानाही आला. ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. उद्योगाला संस्थानिकांनी आश्रय दिल्याची उदाहरणे बडोदा-म्हैसूरकडे पुष्कळ आहेत, पण त्या राज्यांचा खजिना आणि औंधचा खजिना यांची तुलनाच होत नाही.

राजेसाहेबांचे नाव जगभर गेले ते मात्र नमस्कारांमुळे. तरुणपणी ते युजेन सँडो या मल्लाचे भक्त होते. त्याची पुस्तके आणि उपकरणे मागवून सुमारे दहा वर्षे त्यांनी तो व्यायाम केला. पुढे मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग कायमचे त्याचेच झाले. नमस्कार घरोघरी जुनेच होते. समर्थांच्या परंपरेत ते बलोपासना म्हणून घातले जात, काही घरांत व्रत म्हणून. बाळासाहेबांनी त्याला शिस्त लावली: दहा ठरलेल्या स्थिती, प्रत्येक स्थितीत श्वास कसा घ्यायचा-सोडायचा याचा नियम, आणि प्रत्येक नमस्काराआधी ‘ह्रां, ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः’ या बीजाक्षरांपैकी एकासह सूर्याचे नाव. या उच्चारांचा छातीवर आणि पोटावर परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे. स्वतः ते पहाटे उठून नमस्कार घालीत, राणीसाहेबही घालीत, आणि संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे होते. बायकांनीही नमस्कार घालावेत हा आग्रह त्या काळी धाडसाचा होता. १९२८ मध्ये त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ च्या विलायतवारीनंतर लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत तिकडच्या वाचकांपुढे नेली. आज योगवर्गांत जो सूर्यनमस्कार सर्रास आसनांबरोबर शिकवला जातो, त्याच्या प्रसारात औंधचा वाटा मोठा आहे. मात्र बाळासाहेब त्याकडे योगासन म्हणून नव्हे, स्वतंत्र व्यायाम म्हणून पाहत.

चित्रकलेतही हाच उत्साह. रामायणावरची त्यांची स्वतःची चित्रमालिका १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांवर त्यांनी पुस्तके काढली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवलेली आवृत्ती, हाती घ्यावी ही सूचना १९१८ मध्ये त्यांनी केली, तीसाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि आवृत्तीकरिता चित्रेही स्वतः काढली. चित्रकार म्हणून ते रविवर्म्याच्या वळणाचे. स्वतंत्र प्रतिभेचे होते असे म्हणवत नाही. संग्राहक म्हणून मात्र त्यांची नजर रुंद होती. औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात लघुचित्रे आणि रविवर्मा आहेतच, पण हेन्री मूर या आधुनिक इंग्रज शिल्पकाराचे दगडातले मायलेकरूही आहे. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, जे मुळात चित्रकार, तेही औंधात येऊन राहिले आणि त्यांचे स्वाध्याय मंडळ तिथेच उभे राहिले.

राज्यकर्ते म्हणून त्यांची खरी ओळख ‘औंध प्रयोग’ या नावाने इतिहासात आहे. १९३८ मध्ये इतर संस्थानांत जबाबदार राज्यपद्धतीसाठी, म्हणजे लोकांनी निवडलेल्या कारभारासाठी, सत्याग्रह चालू असताना औंधच्या राजाने ती आपण होऊन जाहीर केली. यामागे दोन माणसे होती. एक त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. दुसरे मॉरिस फ्रिडमन ऊर्फ स्वामी भारतानंद, बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यातले पोलिश ज्यू अभियंता. तिघे सेवाग्रामला गेले आणि राज्यघटनेचा आराखडा गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. पाया गाव हा होता: गावाने पंचायत निवडायची, पंचायतींचे प्रमुख मिळून तालुका समिती, आणि तिथून प्रतिनिधी विधिमंडळात. गावाच्या महसुलाचा निम्मा वाटा गावातच खर्चायचा. न्यायही तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे न घालता गावातच मिळावा, अशी तजवीज होती. ज्या राजाने हुकमाने मुलांना नमस्कार घालायला लावले त्यानेच हुकूम करण्याचा अधिकार सोडला, ही विसंगती वाटते खरी. पण दोन्हींमागे एकच शिक्षकी वृत्ती दिसते: माणसाला लावून दिले की तो करतो.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत निघाली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना तिथे भिंतीशिवाय, बायकापोरांसह शेती करत ठेवले जाई. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कल्पना यावरूनच आली. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर याच संस्थानातले. १९४२ नंतर साताऱ्यातल्या प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रज राजवटीविरुद्ध भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारचा, एक बालेकिल्ला कुंडल हा होता, आणि संस्थानी हद्दीत भूमिगतांना जो आडोसा मिळे तो इंग्रजी मुलखात नव्हता.

प्रयोगाला पुरते दशकही मिळाले नाही. १९४८ च्या आरंभी गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यात होरपळला. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. पंचायतींची ती रचना नव्या प्रशासनाने पुढे चालवली नाही. सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले, अप्पासाहेब परराष्ट्र सेवेत शिरले. बाळासाहेब त्यानंतर तीन वर्षांनी वारले. संग्रहालय अजून डोंगरावरच आहे.