दारूच्या बाटलीवरचं पिवळं लेबल

कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा विरळ वस्तीचा प्रदेश आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या व्हाइटहॉर्स शहरातल्या सरकारी दारू दुकानात बाटल्यांवर पिवळी लेबलं लागली. दारूमुळे स्तनाचा, आतड्याचा असे कर्करोग होऊ शकतात, असा इशारा त्यांत होता. लोकांवर त्याचा काय परिणाम होतो, हे संशोधकांना पाहायचं होतं. महिनाभरातच मद्य उद्योगाने आक्षेप घेतले आणि कोर्टकचेरीच्या धास्तीने सरकारने प्रयोग थांबवला. नंतर तो पुन्हा सुरू झाला, पण कर्करोगाचा उल्लेख गाळून.

खरं तर त्या लेबलात नवीन काहीच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात, टाकलं होतं. तंबाखूही याच गटात आहे. (म्हणून एक पेग म्हणजे एक सिगारेट असा हिशेब मांडू नये. पुरावा पक्का आहे, इतकंच हा गट सांगतो. धोका किती मोठा, ते नाही.)

बिअर असो, वाइन असो की व्हिस्की, त्यातलं इथेनॉल तेच. यकृतात त्याचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं घातक रसायन होतं. तोंडातले जिवाणूही थोडंफार बनवतात. हा पदार्थ डीएनएला चिकटतो, त्यात बिघाड करतो आणि दुरुस्तीतही अडथळा आणतो. पुढे शरीरातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. पूर्व आशियातल्या अनेकांमध्ये हे विकर जनुकीय कारणाने दुबळं असतं. दोन घोटांत त्यांचा चेहरा लाल होतो आणि पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. स्तनाच्या कर्करोगाची वाट थोडी निराळी: दारूने इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी वाढते. या कर्करोगापासून कमी पिणाऱ्या स्त्रियाही पूर्ण सुरक्षित नाहीत. सोबत सिगारेट असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्याहून जास्त वाढतो.

२०२० मध्ये जगभरात कर्करोगाच्या सुमारे ७ लाख ४० हजार नव्या रुग्णांमागे दारू होती, असा अंदाज आहे.

धोरणाच्या दृष्टीने मला लेबलापेक्षा किंमत जास्त महत्त्वाची वाटते. कर वाढवणं, विक्रीच्या वेळा आणि जागा आवरणं, जाहिराती रोखणं हे उपाय जागतिक आरोग्य संघटना सगळ्यात किफायतशीर मानते. स्कॉटलंडने मे २०१८ मध्ये दारूच्या प्रत्येक युनिटला (म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला) किमान ५० पेन्स दर लागू केला (२०२४ मध्ये तो ६५ पेन्स झाला). थेट दारूमुळे होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं. कर्करोगावरचा परिणाम दिसायला मात्र वर्षानुवर्षं लागतील.

पण आपण काय पितोय, हे माहीत असण्याचा हक्क पिणाऱ्याला आहेच, आणि त्यासाठी लेबल हवं. आयर्लंडने २०१८ मध्ये कायदा केला आणि २०२३ मध्ये नियमांवर सही केली. मे २०२६ पासून कर्करोगाचा इशारा सक्तीचा होणार होता. २०२५ मध्ये व्यापाराची काळजी पुढे करून सरकारने तो २०२८ वर ढकलला. तोवर काही उत्पादकांनी लेबलं छापूनही घेतली होती, त्यामुळे इशारा असलेल्या बाटल्या तिथल्या दुकानांत आधीच आल्या आहेत.