धाप उन्हाची की आजाराची?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे गेला की जीभ बाहेर काढून धापा टाकणारे कुत्रे गल्लोगल्ली दिसतात आणि त्यात वावगे काही नसते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नसल्याने तोंडातील आणि श्वासमार्गातील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर टाकूनच तो अंगातील उष्णता कमी करतो. अडचण एवढीच की याच धापेआड फुफ्फुसांचा संसर्ग दडून राहू शकतो. त्यामुळे श्वास मोजायचा तो पहाटेच्या गारव्यात, प्राणी शांत झोपलेला असताना. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा. झोपेतील निरोगी कुत्र्यामांजराचा हा आकडा मिनिटाला साधारण 30 च्या आत असतो. तो वारंवार 40 च्या वर जात असेल, तर दोष उन्हाला देता येत नाही.

कुत्र्यांतील सर्वांत फसवे लक्षण म्हणजे कोरडी ढास. उबळ येते, शेवटी ओकारी काढल्यासारखे होऊन थोडा पांढरा फेस पडतो आणि घरच्यांना वाटते की घशात हाडच अडकले आहे. प्रत्यक्षात हा बहुधा ‘केनेल कफ’, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला असतो. त्यामागे अनेकदा बोर्डेटेला हा जिवाणू किंवा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू असतो. बोर्डेटेला श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांना चिकटून त्यांची हालचाल बंद पाडतो, त्यामुळे कफ वर ढकलला जात नाही. कुत्रा जेवतखेळत असेल, तर हा आजार बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. मात्र लस न दिलेल्या पिल्लाला ताप असेल, नाकाडोळ्यांतून पिवळा घट्ट स्राव येत असेल आणि पुढे जबड्याला किंवा पायाला झटके येऊ लागले, तर डिस्टेंपरची शंका घ्यावी; तो आजार जीवघेणा ठरू शकतो.

मांजराची गोष्ट निराळी. तिच्या शिंका, चिकटलेले डोळे आणि वाहते नाक यांमागे बहुतेक वेळा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणू असतो. कॅलिसीमुळे जिभेवर व्रण पडून लाळ गळते, तर हर्पीस एकदा शिरला की मज्जापेशींत आयुष्यभर दबून राहतो आणि घर बदलणे, नवे जनावर आणणे अशा ताणानंतर पुन्हा डोके वर काढतो. नाक चोंदले की मांजराला अन्नाचा वास येत नाही आणि ती खाणेच सोडते. माझ्या मते शिंकांपेक्षा हीच गोष्ट अधिक काळजीची आहे, कारण काही दिवसांच्या उपवासाने, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते.

घरातील पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नये; तिचे यकृत ते औषध निकामी करू शकत नाही आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता खालावते.

मांजर विश्रांतीतही तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा कोणत्याही प्राण्याच्या हिरड्या निळसर-राखाडी दिसत असतील, तर पशुवैद्यकाला तातडीने फोन करावा आणि भर दुपारी निघावे लागले, तरी थांबू नये. वाटेत त्याला कवटाळून धरू नये, तोंडात पाणी ओतू नये आणि पिंजऱ्यावर जाड कापड टाकू नये. ढास किंवा शिंकांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला प्राणी अनेकदा एकदाही खोकत नाही.