थाई करीसाठी नारळाचं दूध मुद्दाम फोडा

'नारळाचं दूध घातल्यावर रस्सा उकळू देऊ नका, फुटेल.' ही सूचना आपल्याकडं इतकी पक्की बसली आहे की थाई करी करतानाही आपण ती पाळतो. नेमकी तिथंच करी फसते. रंग पांढुरका, लसणाचा कच्चा वास तसाच, आणि गवती चहा घातला होता हे सांगावं लागतं. थाई पद्धतीत दूध दोन खेपांना वापरतात. पहिल्या खेपेला ते मुद्दाम फोडतात, तेल सुटेपर्यंत. दुसऱ्या खेपेला ते फुटू नये म्हणून जपतात. ही उलटसुलट वाटणारी गोष्ट एकदा कळली की महागड्या डब्यांची गरज उरत नाही. बहुतेक सामान लातूर-परभणीच्या भाजीबाजारात मिळून जातं.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. प्रत्येक थेंबाभोवती नारळातल्या प्रथिनांचं पातळ आवरण असतं, त्यामुळं थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढं ही प्रथिनं गोठू लागतात. आवरण विस्कटतं, पाण्याची वाफ होते, थेंब जवळ येऊन एक होतात आणि तेल वेगळं दिसू लागतं.

हे तेल हवंच, कारण करीचा बहुतेक सुवास तेलात विरघळणारा आहे. गवती चहाच्या सुगंधी तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्राल, म्हणजे लिंबासारख्या वासाचं द्रव्य असतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, वाफेबरोबर उडून मात्र जातं. मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, हाही तेलातच पसरतो. शिवाय पाणी आहे तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तेवढ्यावर लसूण-कांदा फक्त उकडतो. तेल सुटलं की तापमान वर चढतं आणि कच्चा वास जातो. शेवभाजीच्या रश्श्यावर तर्री यावी म्हणून आपण वाटण तेल सुटेपर्यंत परततो, तोच हा हिशेब आहे. फरक इतकाच की इथं तेल नारळातूनच काढायचं.

चार माणसांसाठी एक मोठा, ताजा नारळ पुरतो. देवाला वाढवलेल्या वाट्या चालतील, पण दोन-तीन दिवस बाहेर राहिलेल्या नकोत, त्यांना खवट वास येतो. खोबऱ्याचे तुकडे मिक्सरमधून कोरडेच फिरवून घ्या, मग हाताला सोसेल इतकं गरम पाणी १ कप घालून पुन्हा फिरवा आणि सुती कापडातून पिळा. पाणी गरमच हवं. नारळाचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि परभणीच्या थंडीत गार पाण्यानं पिळलं तर बरंच तेल चोथ्यातच राहतं. हे झालं दाट दूध, सुमारे २५० मिलिलिटर. त्याच चोथ्यात दीड ते दोन कप पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढा. दाट दूध दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं तर वर सायीसारखा थर जमतो. फोडायला तोच सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात मात्र पिळलेलं दूध ओट्यावर ठेवून बाजारात जाऊ नका, मे महिन्यात ते बघता बघता आंबतं.

डब्यातलं दूध बऱ्याचदा फुटतच नाही, आणि दोष तुमच्या गॅसचा नसतो. कारखान्यात त्यात गवार गमसारखे पदार्थ मिसळतात, ते थेंबांना धरून ठेवतात. अशा वेळी हट्ट न करता कढईत आधी २ चमचे तेल घ्या. आपलं करडईचं रिफाइंड तेल उत्तम, त्याला स्वतःचा वास नसतो. शेंगदाण्याचं घाण्यावरचं तेल इथं नको, गवती चहा त्यापुढं टिकत नाही. नारळाच्या दुधाच्या पावडरीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन. दूध वर्ज्य असणाऱ्यांनी पाकीट वाचून घ्यावं.

आता हिरवं वाटण. फिकट, जाड पोपटी मिरच्या ६ आणि तिखट ३, लसणाच्या ८ पाकळ्या, लहान कांदे २, लिंबाची किसलेली साल (फक्त हिरवा भाग, पांढरा कडू लागतो), भाजलेले धने १ मोठा चमचा, जिरे अर्धा चमचा, मिरे १०, मीठ १ चमचा. गवती चहाची ३ खोडं घ्या, पण वाटणात खालचा पांढरट ३ इंचांचा भागच जातो. वरच्या पात्यांत वास भरपूर असतो, पण धागे वाटले जात नाहीत आणि दातात अडकतात. पात्यांची गाठ मारून ती रश्श्यात सोडावी आणि शेवटी काढून टाकावी.

कोथिंबिरीच्या बाबतीत आपण नशीबवान. आपल्याकडं जुडी मुळांसकट येते, आणि थाई वाटणाला मुळंच लागतात. पानांपेक्षा त्यांचा वास खोल असतो आणि उष्णतेत जास्त टिकतो. आपण ती कापून उकिरड्यावर टाकतो! एका जुडीची मुळं चाकूनं खरवडून दोन-तीन पाण्यांत धुवा. काळ्या रानातली माती लवकर सुटत नाही. देठही वाटणात घाला. मूठभर पानं मात्र बाजूला ठेवा.

थाई करीत आल्याऐवजी कुलिंजन लागतं. त्याचा वास आल्यापेक्षा थंड, थोडा निलगिरीकडं झुकणारा. काष्ठौषधींच्या दुकानात ते वाळलेलं मिळतं. वाळलेला तुकडा लाकडासारखा टणक असतो, तो मिक्सरमध्ये घालू नका. इंचभर तुकडा ठेचून रश्श्यातच उकळू द्या. नसेल तर अर्धा इंच आलं, त्याहून जास्त नको, नाहीतर आलंच पुढं येतं. थाई करीत घालतात त्या मॅकरूट लिंबाच्या पानांना आपल्याकडं नेमका पर्याय नाही. त्यांच्यातलं सिट्रोनेलाल हे सुवासिक द्रव्य कागदी लिंबाच्या पानात नावापुरतंच असतं. तरी घरच्या झाडाची ४ कोवळी पानं मधली शीर काढून घातली तर फरक कळतो. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेतून पानं तोडण्याचा मोह टाळा, तिथं फवारणी असते.

पाटा-वरवंटा असेल तर वाटण त्यावरच करा. मीठ आणि गवती चहा आधी, मऊ जिन्नस नंतर. मिठाचे खडे धागे घासून तोडतात, आणि वरवंटा पेशी चिरडून तेल बाहेर काढतो. मिक्सरचं पातं नुसतं कापतं, आणि फिरण्यासाठी पाणी मागतं. ते पाणी पुढं कढईत आटवत बसावं लागतं, म्हणून पाण्याऐवजी २ चमचे दाट दूध घाला.

लोखंडी कढई या करीला घेऊ नका. वांग्यातली द्रव्यं लोखंडाशी मिळून रस्सा काळपट करतात. जाड बुडाची स्टीलची कढई घ्या, तिच्यात दाट दुधातलं १५० मिलिलिटर ओता आणि मध्यम आचेवर ढवळत राहा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग दूध आटून सायीसारखं होतं. ६ ते ८ मिनिटांत आवाज बदलतो, खदखद थांबून बारीक चुरचुर सुरू होते. उलथन्यानं मधोमध रेघ ओढली की रेघेत काचेसारखं स्वच्छ तेल जमतं. हीच वेळ. ४ मोठे चमचे वाटण घाला आणि ४-५ मिनिटं परता. डोळ्यांत चरचरणारा वास जाऊन लिंबाचा, धन्याचा वास सुटला की २ चमचे गूळ आणि २ चमचे सोया सॉस घाला.

सोया सॉस इथं चायनीज चवीसाठी नाही. मूळ वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. ती काढली की करी पोकळ लागते, कारण ग्लुटामेट या द्रव्याची भरीव, रुचकर चव गेलेली असते. ही चव १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून वेगळी ओळखली. आंबवलेल्या सोयाबीनमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं. २-३ वाळलेले मशरूम भिजवून त्यांच्या पाण्यासकट घातले तर आणखी खुलतं. तयार पेस्ट घेणार असाल तर हिरव्या ठिपक्याची खूण बघूनच घ्या, बऱ्याच पेस्टमध्ये कोळंबी असते.

आता पातळ दूध, गवती चहाची गाठ, कुलिंजन आणि लिंबाची पानं. पाव किलो लाल भोपळा आधी (तो थाई करीतही असतो), ५ मिनिटांनी चवळीच्या शेंगा आणि फोडी केलेली ४ छोटी वांगी. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, रस्सा आणि तेल दोन्ही पितो, म्हणून फ्लॉवरपेक्षा वांगं सरस. टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) महाग वाटत असेल तर ५० ग्रॅम सोयाबीन वड्या उकळून, दोनदा घट्ट पिळून घाला. न पिळता घातल्या तर उग्र वास संपूर्ण रश्श्याला लागतो.

भाज्या शिजल्या की आच अगदी मंद करा आणि राखलेलं दाट दूध घाला. आता उकळी नको. दोन मिनिटांनी गॅस बंद, आणि मगच २ चमचे लिंबाचा रस. नारळाच्या दुधाचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६ असतो. लिंबानं तो ४ कडं गेला की प्रथिनं गोळा होतात, आणि त्यात उकळीची भर पडली तर रस्सा दाणेदार होतो. फुटलाच तर १ चमचा तांदळाची पिठी गार पाण्यात कालवून घाला. चव तीच राहते, दाणे बरेच लपतात.

रंगाचाही शत्रू हा आंबटपणाच. आंबट आणि उष्णता मिळून हरितद्रव्यातला मॅग्नेशियम काढून घेतात, आणि हिरवी करी शेवाळी होते. म्हणून बाजूला ठेवलेली पानं वाटून गॅस बंद केल्यावर घालायची. त्याबरोबर सब्ज्याची पानं. फालुद्यात घालतो तो सब्जा थाई बेझिलच्याच जातीचा. किराणा दुकानातलं बी कुंडीत टाकलं की आठवड्याभरात उगवतं, महिना-दीड महिन्यात पानं मिळतात. तुळस मात्र नको, तिचा लवंगेसारखा वास करीवर चढतो.

सोबत आंबेमोहोर भात. जास्मिन तांदळाचा सुवास ज्या द्रव्यामुळं येतो तेच आंबेमोहोरात असतं, मग परदेशी पाकीट कशाला. उरलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, महिनाभर सहज टिकतं. खोबऱ्याचा चोथा तव्यावर कोरडा भाजून लसूण-तिखटाबरोबर कुटला की भाकरीबरोबर खायची चटणी होते.