कामाला साजेशी भाषा

“कोणती प्रोग्रामिंग भाषा सगळ्यात चांगली?” असं कुणी विचारलं की मी आधी काम विचारतो. त्या कामात काय बिघडलेलं अजिबात चालणार नाही, हे कळलं की निम्मं उत्तर मिळतं.

टेलिफोन एक्सचेंज घ्या. तिथे एकाच वेळी हजारो कॉल चालू असतात. त्यातला एखादा तुटला तर निभावतं, पण त्याच्यापायी बाकीचे तुटता कामा नयेत. दुरुस्तीसाठी एक्सचेंज बंद ठेवायचीही सोय नाही. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ च्या सुमारास याच कामासाठी एरलँग ही भाषा घडवायला घेतली. तिच्यात प्रत्येक कॉलला स्वतंत्र, अगदी हलकी प्रोसेस (म्हणजे आपापलं चालणारं छोटं काम) देता येते. एका प्रोसेसला दुसरीच्या मेमरीला हात लावता येत नाही. त्या एकमेकींना फक्त निरोप पाठवतात. एखादी कोलमडली, तर तिच्यावर नजर ठेवणारी प्रोसेस तिला नव्याने सुरू करते. यंत्रणा चालू असतानाच कोड बदलायची सोयही भाषेतच आहे.

लाखो लोकांचे निरोप पोचवायचे म्हणजे जवळपास एक्सचेंजचंच काम. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपने एरलँग निवडली. २०१२ च्या सुरुवातीला त्यांचा एक सर्व्हर २० लाखांहून जास्त कनेक्शन सांभाळू शकत होता. २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा ४५ कोटी लोक दरमहा ती सेवा वापरत होते आणि इंजिनियर होते जेमतेम काही डझन. भाषेची निवड अचूक ठरल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हीच एरलँग हवामानाच्या गणितात मात्र रखडते. तिथे आकड्यांच्या प्रचंड तक्त्यांवर तीच ती आकडेमोड वेगाने करायची असते. त्यासाठी १९५७ मध्ये आलेली फोर्ट्रान आजही वापरात आहे. डब्ल्यूआरएफ हे जगभर वापरलं जाणारं हवामान मॉडेल मुख्यतः तिच्यातच लिहिलेलं आहे. जुनी म्हणून तिला नाकं मुरडणं मला पटत नाही.

पायथनचं वेगळं. ती लिहायला सोपी, पण तिचे लूप, म्हणजे तेच ते काम पुन्हा पुन्हा करणारे तुकडे, मंद. तरीही शास्त्रज्ञ ती आवडीने वापरतात, कारण नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) जड आकडेमोड आतल्या आत सी भाषेतला कोड करतो. त्यामुळे पायथनचा प्रोग्रॅम रेंगाळला तर सगळा नव्याने लिहायला बसू नका. आधी प्रोफायलर (प्रोग्रॅमचा कोणता भाग किती वेळ घेतो ते दाखवणारं साधन) लावून वेळ कुठे जातो ते मोजा. बहुतेकदा एखादाच लहानसा भाग अडवत असतो. तेवढाच सी किंवा रस्टसारख्या वेगवान भाषेत लिहिला तरी भागतं.